श्राद्धाचा क्रम, सलग ओळीत

वडिलांनी मला आयुष्यात एकच काम सांगितलं, तेही कागद छापून द्यायचं.

ते रामकुंडावर श्राद्धविधी सांगतात. घोटी-सिन्नरकडची कितीतरी घरं पिढीजात आमच्याकडेच येतात. समोर कागद धरला की यजमानाचा विश्वास उडतो, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे सगळं तोंडपाठ. मी घरी बसून गणिताची पुस्तकं छपाईसाठी कॉम्प्युटरवर जुळवतो. याला ते काम म्हणत नाहीत, 'तुझं ते टकटक' म्हणतात.

त्या सकाळी ते घाटावरून लवकर परतले आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"आज संकल्प दोनदा सांगितला. तिलांजली राहूनच गेली. शेजारचे गुरुजी खाकरले म्हणून निभावलं." मग हळूच म्हणाले, "क्रम छापून दे. पण एकाखाली एक नको, किराणा वाचल्यासारखं दिसतं. सलग कर. लोकांना स्तोत्र वाटलं पाहिजे."

माझी अक्षरजुळणीची प्रणाली हट्टी. क्रम म्हटला की प्रत्येक बाबीला नवी ओळ देते. तो वाक्यातच ओवायचा तर वेगळी आज्ञा लिहावी लागते. मग कंसातले आकडे, मधले स्वल्पविराम, शेवटच्या बाबीआधीचं 'आणि', सगळं तीच घालते. पहिल्या प्रतीत (९) हा आकडा ओळीच्या टोकाला लटकला आणि 'तिलांजली' खालच्या ओळीत गेली. एरवी मी दुर्लक्ष केलं असतं. त्या दिवशी ते जमेना. बाबा नेमके तिथेच पुन्हा अडकले तर? चारचौघांत गप्प झाले तर? घाटावर अशी बातमी पसरायला वेळ लागत नाही, आणि त्या घाटाशिवाय हा माणूस जगणार कसा? मी प्रत्येक आकडा त्याच्या शब्दाला बांधून टाकला. ओळ कुठेही मोडो, दोघं एकत्रच राहतील.

दुपारी तालीम घेतली. मी यजमान होऊन पाटावर बसलो. आचमन झालं, संकल्प एकदाच झाला. त्यांचं बोट आकड्यावरून आकड्यावर नीट सरकत होतं. नवव्यावर आलं. तिलांजली! माझा जीव भांड्यात पडला. तीळ-पाणी सोडताना पितरांचं गोत्र उच्चारावं लागतं, म्हणून त्यांनी मान वर केली.

"यजमान, आपलं गोत्र?"

मला हसू आलं. काय छान वठवतायत, वाटलं. "बाबा, पुरे आता."

ते हसले नाहीत. परक्या माणसासाठी थांबावं तसे अदबीनं थांबून राहिले. बोट आकड्यावर तसंच. शेवटी मी गोत्र सांगितलं.

"अरे वा," ते प्रसन्न होऊन म्हणाले, "आमचंही तेच." आणि पुढचा आकडा शोधू लागले.