ढवळ्याला सांग

सुंदरा माझ्याशी कधी बोलली नाही. जे सांगायचं ते तिने आमच्या ढवळ्या बैलाला सांगितलं. ती माझ्या धाकट्या भावाची, किसनाची बायको. मी तिचा भासरा. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यासमोर पदर पुढे ओढायचा आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही. मध्ये काहीतरी लागतं, दार किंवा लेकरू. धाकटीने अंगणातला ढवळ्या निवडला.

"ढवळ्या, सांग त्याइले, भाकर थंडी होऊन राह्यली." मी पाटावर बसलो की लगेच, "अन् भाजीत मीठ जास्त पडलं हाय. तुयासारखं मुकाट्यानं खा म्हना." माय डोळे वटारायची. मी खाली मान घालून हसू दाबायचो.

उन्हाळ्यात आमची जेवणं अंगणात व्हायची. तिच्या पहिल्याच उन्हाळ्यात, दिवेलागणीनंतर आग्नेयेला एक तांबडा तारा वर आला, तेव्हा तिने मायला तो हात करून दाखवला; सासूला ती मामी म्हणायची. "मामी, हा ज्येष्ठेचा तारा. मी याच्याच नक्षत्रावरची."

मायचा घास हातातच राहिला. ज्येष्ठेवर जन्मलेली मुलगी नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या जिवाला जड जाते, असं आमच्याकडे मानतात. सोयरीक करताना कोणी पत्रिका पाहिली नव्हती.

"काहून सांगितलं तू?" किसना पुटपुटला.

"घरच्याइपासून काय लपवाचं? अन् त्या ताऱ्याकडं पाहा तरी. म्हातारा झाला बिचारा. आंग फुगलं, डोये लाल. नुसता वरून पाहाते, बोलत काई नाही. तो कोनाचं काय करते?"

पुढच्या पावसाळ्यात मला विषमज्वर झाला. ताप उतरेना, तेव्हा मायने ठरवलं की धाकटीला माहेरी, इंझोरीला पाठवायचं. हे बोलणं माझ्या खाटेपाशीच झालं आणि मी शुद्धीवर होतो. "राहू द्या तिले" एवढं म्हणण्याइतकी ताकद माझ्यात होती. भासऱ्याने धाकटीच्या बाबतीत तोंड घालायचं नसतं, ही रीत मला तेव्हा फार सोयीची वाटली. खरं म्हणजे मला मरणाची भीती होती, आणि न जाणो, ताऱ्याचं खरं असलं तर, असंही मनात येत होतं.

निघताना तिने गाडीला जुंपलेल्या ढवळ्याच्या पाठीवरून हात फिरवला. "त्याइले सांग, औषध टाकू नोका. अन् तू मले सोडाले चालला त्यात तुया काई कसूर नाही."

मी बरा झालो, आणि तोच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरला. ती गेली अन् ताप गेला, असं सारा गाव म्हणू लागला. किसना खाली मान घालून जेवायचा आणि उठून जायचा. मायपुढे तिचं नाव काढायची सोय नव्हती.

उन्हाळा आला. अंगणात पुन्हा पानं मांडली गेली, पुन्हा तो तारा वर आला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाठ केली. मी पाहत राहिलो. नुसता पाहणारा आणि काही न बोलणारा आमच्या घरात दुसरा कोण होता?

सकाळी मी ढवळ्याला जुंपलं आणि इंझोरीला गेलो. तिच्या बापाने पाणी दिलं. ती दाराआड उभी होती. वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं मी विसरलो. शेवटी ढवळ्याकडेच वळलो.

"ढवळ्या, तिले सांग, भासरा न्याले आला. चुकलं म्हना त्याचं."

आतून आलं, "ढवळ्या, इचार त्याइले, पुन्हा ताप आला तं?"

या वेळी मी बैलाला मध्ये घेतलं नाही. "आला तं तूच औषध दे, धाकटे."

ती पदर पुढे ओढून बाहेर आली. "ढवळ्या, पानी पेऊन घे. निघाचं हाय आपल्याले."

माय बरेच दिवस तिच्या हातचं जेवली नाही. मी जेवलो. मीठ कमीजास्त झालेलं ढवळ्याकडून कळत राहिलं.

धाकटी गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियाने गेली. ज्याच्या जिवाला ती जड जायची होती, तो मी अजून आहे. तिचा मुलगा अकोल्याला शिकतो. तो सांगतो, तो तारा सूर्याच्या कितीतरी पट मोठा आहे आणि खरंच उतारवयाला लागला आहे.

ढवळ्याही आता नाही. त्याच्या जागी दुसरा बैल आहे. उन्हाळ्यात जेवण झालं की मी त्याच्यापाशी जातो. म्हणतो, "सांग धाकटीले, वरचा म्हातारा अन् खालचा, दोघंही हावो अजून."