लंकाबाई दाभोळला अडकल्या

शनिशिंगणापूरच्या लंकाबाईंनी पासष्ट वर्षांत एकदाही दाराची कडी लावली नव्हती. लावणार कशाला? घराला दारच नाही. चौकट आहे, पडदा आहे, कुत्रं शिरू नये म्हणून एक फळी आहे. माहेरही गावातलंच, म्हणजे तिथंही तेच.

यंदा गावातल्या बारा जणींनी कोकणात लाँच ठरवली. हर्णैला चढायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं जयगडला जायचं. पहिल्याच सकाळी लंकाबाई मिश्री शोधत बाजारात रमल्या आणि लाँच अर्धा तास खोळंबली. लाँच चालवणारा तांडेल चांदभाई ओरडला नाही. नुसतं म्हणाला, "मावशी, ओहोटी माझं ऐकत नाही. दाभोळहून अकराला सुटायचं. आलात तर ठीक, नाहीतर एस.टी.नं या."

लंकाबाईंना एस.टी.ची पाटी वाचता येत नव्हती.

दाभोळ लई जुनं बंदर. एके काळी इथं अरबी घोडे उतरायचे. आता धक्क्यावर जाळी आणि मांजरं. बाकीच्या जणी दगडी मशीद बघायला गेल्या आणि लंकाबाईंच्या पोटात नेमकी साडेदहाला कळ आली. धक्क्याजवळच्या शरिफाबींनी त्यांना मागच्या अंगणातलं संडास-न्हाणीघर दाखवलं.

"दार लोटून घेते, तू हितंच हुबी ऱ्हा," लंकाबाईंनी धाकट्या जावेला, आक्काबाईला, बजावलं.

आक्काबाई उभी राहिली. पण समोरून सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, टोपली गेली आणि तिच्या मागोमाग आक्काबाईही गेली. बाहेर कुणाचा तरी खोकला ऐकू आला तशी लंकाबाईंनी घाबरून कडी सरकवली. आयुष्यातली पहिली. ती अशी बसली की हलेना.

"वर उचला आणि मागे ओढा," शरिफाबी बाहेरून म्हणाल्या.

"कंची? हितं दोन हायेत."

"एक टॉवेलाचा खिळा आहे."

"मंग मगापासनं त्योच वढतेय मी."

खरी कडीसुद्धा ढिम्म. तेवढ्यात आक्काबाई सोडे घेऊन परतली. "बाई, आत काय करताय एवढा येळ?"

"पंगत वाढतेय. चांदभाईला बोलीव आधी."

चांदभाई पहार घेऊन आला. दार जुन्या घडणीचं, खुंट्यांवर बसवलेलं. त्यानं खालून पहार घातली, दार उचललं आणि भिंतीला टेकवलं. लंकाबाई बाहेर आल्या त्या कुणाकडं न बघता तडक लाँचवर जाऊन पुढच्या फळीवर बसल्या. अकराला दहा मिनिटं कमी होती.

चांदभाई निघाला, तर शरिफाबींनी वाट अडवली. "दार बसवून जा. घरात दोन सुना आहेत माझ्या."

दार उतरवायला एक मिनिट लागलं होतं, बसवायला वीस. खुंटी एका बाजूनं शिरली की दुसऱ्या बाजूनं निघायची. इकडं पाणी हटू लागलं. मशिदीहून परतलेल्यांसकट बाराही जणी लाँचमध्ये वाट बघत बसलेल्या.

"तांडेल कुठं ऱ्हायला?" लंकाबाईंनी विचारलं. "टायमाचं कुनाला कायी हाय का न्हाई?"

चांदभाई कमरेएवढ्या पाण्यातून, चपला डोक्यावर धरून आला. चिखलाला घासत घासत लाँच कशीबशी सुटली. चांदभाईनं ओला लेंगा पिळला. मग म्हणाला, "मावशी, जयगडला लॉजवर खोली आहे. तिथं कडी आतून लावावी लागेल."

"मी लाँचमधीच झोपते," लंकाबाई म्हणाल्या. "हिला दार न्हाई."