चित्र मागं गेलेल्या दोनशे वह्या

शुक्रवार पेठेत आमच्या समोर राहणाऱ्या चांगुणाताई चाळीस वर्षं वह्या बांधतायत. शाळांची हजेरीपत्रकं, कापडी पाठीची रजिस्टरं, सगळा एकजात राखाडी संसार. मागच्या वर्षी थेट पुण्याहून, तिथल्या एका कला-संग्रहालयाच्या दुकानातून उर्वी नावाची मुलगी आली आणि दोनशे कोऱ्या वह्यांचं काम देऊन गेली. मुखपृष्ठावर आधुनिक चित्र होतं. नुसता पिवळा रंग आणि त्यातून तिरकी जाणारी काळी रेघ. मी म्हटलं, "हे तर मीही काढलं असतं." ताईंनी माझ्याकडे रागानं बघितलं.

त्यांना त्यात मंगळवेढ्याचं शिवार दिसलं होतं, माहेरचं. काढणीला आलेली ज्वारी आणि तिच्यातून आईच्या घराकडे जाणारी वाट. आई जाऊन तीस वर्षं झाली. पण खळ लावता लावता ताई त्या वाटेनं चालू लागत, हाक मारली तर उशिरा ओ देत. असं चित्रांचं काम येत राहावं, एवढंच त्यांना हवं होतं.

उर्वी वह्या न्यायला आली, एक उघडली आणि तिचा चेहरा पडला. चित्र मागच्या बाजूला! त्याच आठवड्यात ताईंनी उर्दू शाळेची रजिस्टरं बांधली होती. ती उजवीकडून उघडतात. हाताला तेच वळण लागलं आणि दोनशेच्या दोनशे वह्यांची शिवण उजवीकडे गेली.

"हात हितं हुतं पोरी, मी तितं हुते," ताई म्हणाल्या. "उसवून देते की."

उसवायला गेल्या तर चित्रच फाटलं. "राहू द्या मावशी, तुमच्याकडेच ठेवा," म्हणून उर्वी गेली. पुन्हा काम आलं नाही. ताईंनी चार दिवस सुईला हात लावला नाही. मला उर्वीचा भयंकर राग आला. खरं तर तिचं काहीच चुकलं नव्हतं.

शेवटी ताईंनी त्या वह्या उर्दू शाळेत वाटून टाकल्या. दुसऱ्याच दिवशी चौथीतली तहसीन वही छातीशी धरून दारात हजर.

"चाची, ये रस्ता किदर जाता?"

"माझ्या आईकडं."

तिनं वही पुढे केली. रेघ जिथं संपते, तिथं पेननं एक घर काढलं होतं.

"रस्ता खाली था ना, मैं घर बनाई."

ताईंनी त्या घरावरून बोट फिरवलं. डोळे भरून आले होते.

"दार उघडं काढलंस, लई बरं केलंस," त्या म्हणाल्या. "मी येनार म्हनलं की आई दार लावायचीच न्हाई."