समोर बसणारे तात्या

निमगाव केतकीच्या बाजारात वांगी निवडत होते. आमच्या गावचा एक जण एसटीतून उतरला आणि म्हणाला, "सरपंचबाई, तात्या गेलं." खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच, की आता सभेत मला धारेवर धरणारं कुणी उरलं नाही. बरं वाटलं. मग वांगी तशीच टाकून मी खाली बसले. चार महिने होत आले त्याला.

सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा आमच्या थोरल्या दिरांनी, भाऊजींनी, मला उभं केलं. पॅनेल त्यांचंच. समोरच्या बाजूचे एकटे तात्या निवडून आले होते, बौद्धवस्तीतून. त्यांच्याकडे बाई सदस्य नव्हती, म्हणून मी बिनविरोध सरपंच. गावाला केवढा अभिमान त्या शब्दाचा! गुलाल, हार, सगळं झालं. सही माझी, बोलणं भाऊजींचं... असं ठरलेलंच होतं. कुणी तसं बोलून दाखवलं नाही इतकंच.

पहिल्याच सभेत तात्या उठले. "गावात दिवं लागलं. आमच्या वस्तीवर नुसतं खांब उभं हायती. तार कुठं गेली?" भाऊजी सांगायला लागले, तर तात्यांनी हात वर केला. गाव भाऊजींना आबा म्हणतं. "तुमाला न्हाय इचारलं, आबा. सरपंचाला इचारलंय." मी पदर चाचपत बसले. घरी येऊन रडले, तात्यांना शिव्याही घातल्या. मेला म्हातारा, बाईमाणसाला चारचौघांत उघडं पाडतो! पण दुसऱ्या दिवशी पायांनीच मला वस्तीवर नेलं. मग भाऊजींना विचारलं. म्हणाले, "ते राजकारण हाय, तुला न्हाय कळायचं." पण वस्तीवर डोळ्यांनी बघून आले होते, कळलं मला. तार आधी आमच्याच माणसांच्या मळ्याकडं ओढली होती. पुढच्या सभेत मी तसं सांगून टाकलं, आणि वस्तीवर दिवे लावून देईन म्हणाले. तात्या "बरं" म्हणून खाली बसले. दिवे लागल्यावर कौतुक करतील वाटलं होतं, तर गटारीचा विषय काढला.

तेव्हापासून दर सभेआधी मी सगळं विचारून, बघून जायला लागले. तात्यांच्या धाकानं. चावडीवर लोक म्हणायचे, पुढारी समदे सारखेच, कुणावर इश्वास ठेवायचा. तात्या तंबाखू मळत म्हणायचे, "इश्वास ठिवा की. पण समोर एक माणूस बी ठिवा. मग पुढारी जरा सरळ चालतो."

एकदा भाऊजींनी त्यांना घरी बोलावून उपसरपंचपद देऊ केलं. इकडे बारामती-इंदापुरात जो तो वाऱ्याची दिशा बघून पलीकडं जात होता. गाव एकदिलाचं होईल म्हणून सगळे खूश. मी मात्र दारामागं जीव मुठीत धरून उभी. तात्या आपल्यात आले की मी पुन्हा नुसती सहीची बाई... तात्यांनी चहा संपवला. "मी हिकडं आलो तर तुमच्या बाईला परश्न कोण इचारणार?" एवढंच बोलून चपला घातल्या. मला तेव्हा त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

आता त्यांच्या जागेची पोटनिवडणूक लागली. भाऊजी म्हणाले, गेलेल्या माणसाचा मान म्हणून बिनविरोध करू, आपलाच माणूस घेऊ. वस्तीतून कुणी पुढं येईना. अर्जाचा शेवटचा दिवस आला आणि दुपारी मी न राहवून तात्यांच्या घरी गेले. आपल्याच पॅनेलच्या विरोधात उभं राहा, असं सांगायला जाणारी सरपंच मीच पहिली असेन. घरात तात्यांची खाट तशीच होती, उशाला चष्मा. त्यांची सून रत्ना भांडी घासत होती. मी चाचरत सुरुवात केली, तर ती हात पुसत हसली.

"सकाळीच भरून आले की अर्ज."

मी खाटेवर बसले. किती दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलं, काय सांगू.

"बाई," रत्ना म्हणाली, "आमच्या शाळंच्या वाटंवर खडी टाकली, मुरूम कधी टाकणार? का आधी च्या ठिवू?"

म्हटलं, चहा राहू दे. आधी उत्तर देते.