रबरी पापण्या

"आतली हवा बाहेर सोडा, मग नवी येईल," हे अण्णांचं कायमचं वाक्य. उभा जन्म गाड्यांच्या आत खेळणाऱ्या हवेमागे गेला, म्हणून सगळे त्यांना हवामास्तर म्हणत. बायको गेली, गॅरेज विकलं. आता अंगणात एखादी गाडी आली तर आली.

चार महिन्यांनी लेक आली. उतरता उतरताच म्हणाली, "सकाळी निघालं की आतून काचा धुरकटतात, अण्णा. रस्ता दिसत नाही. म्हणून येणं होत नाही."

"फोनचीही काच धुरकटते का गं?" एवढं बोलून अण्णा कामाला लागले.

त्यांनी गाडीच्या सगळ्या काचा चढवल्या, आतला पंखा पूर्ण सोडला. बायकोच्या शिवणाच्या डब्यातली रेशमी फीत पुढच्या एकेका झरोक्यासमोर धरली. जेमतेम हलली. दार लोटलं, तर ते फुगलेल्या उशीवर आदळल्यासारखं मागे आलं.

"हवा कोंडलीय, श्वासाची वाफ जाणार कुठे," ते पुटपुटले. डिकीतलं अस्तर सोडवलं. त्याच्यामागे दोन्ही अंगांना हवा बाहेर जायच्या जाळ्या, जाळ्यांवर हवेच्या दाबाने उघडणाऱ्या पातळ रबरी पापण्या. आणि त्या पापण्यांवर घट्ट डकवलेला जाड लोकरी नमदा.

अण्णांचे हात थांबले. झोपलेल्या नातीला रस्त्याचा आवाज लागू नये म्हणून गेल्या वर्षी त्यांनीच तो डकवला होता. लोकांना जन्मभर जे शिकवलं, ते लाडापायी स्वतःच विसरले होते.

"काय सापडलं?" लेकीने विचारलं.

"माझीच करणी. तुझी वाट मीच बुजवली."

"झोपायची मात्र छान ती," लेक हळूच म्हणाली.

गोंद निघायला उद्या उजाडेल, असं सांगता आलं असतं. घरात दोघांचं जेवण झाकून ठेवलेलं होतं. पण खोटं काम त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. तासाभरात त्यांनी नखांनी गोंद खरवडला. पापण्या फडफडल्या. दार एका बोटाने मिटलं, फीत आडवी तरंगली.

लेकीने घड्याळ पाहिलं. "निघते मग. उजेडात पोहोचेन."

"नीघ. आता मात्र काचेचं नाव सांगू नकोस."

ती गाडीत बसली.

नमदा काखेत मारून अण्णा घराकडे चालू लागले. एक खांदा खाली गेलेला, चाल सावकाश. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. गाडी सुरू करून लेक आरशातून बघत राहिली. मागची काच लख्ख होती.