एक्सरेबाईंचे हात

घड्याळांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात बायकांच्या गेटवर अंगझडती घेणाऱ्या ज्या बाई आहेत, त्यांना सगळे एक्सरेबाई म्हणतात. तोंडावर नाही, अर्थात. तोंडावर म्हणायची कोणाची छाती आहे? बावीस वर्षं झाली, पाळी सुटली की बाई पडद्यामागे उभ्या राहतात आणि घरी जाणाऱ्या प्रत्येकीच्या अंगावरून हात फिरवतात. आधी मान, मग खांदे, काखा, कंबर, शेवटी घोटे. तिळाएवढं चाक कुणी पायमोज्यात घालून नेत असेल, तर ते सापडायला त्यांना दहा सेकंद पुरतात.

त्यांचं शास्त्र एका वाक्यात मावतं. जिथे माल, तिथे श्वास थांबतो. चेहऱ्याने हसता येतं, तोंडाने गप्पा मारता येतात, पण लपवलेल्या वस्तूपाशी हात पोचला की अंग श्वास धरतंच. हात फिरवताना बाईंचं सगळं लक्ष त्या श्वासावर असतं. काही सापडलं नाही तर त्या फक्त म्हणतात, "चला, पुढे." माफी मागत नाहीत. चारशे बायकांची रोज माफी मागत बसलं तर गेट बंद कधी करायचं?

अडचण एवढीच की हे हात गेटवर ठेवून घरी येता येत नाही. भाजीवाल्याच्या काट्याखाली बोट घालून बघायचं, शेजारणीने वाटीभर साखर परत आणून दिली तर ती वाटी हलवून बघायची, ही त्यांची रीत. नवरा वारल्यावर घरात त्या आणि मुलगी दोघीच उरल्या. पाहुण्यांना त्या घरात फार वेळ बसवत नसे.

आणि सात वर्षांपूर्वी ते घडलं. मुलीची आत्या चार दिवस राहायला आली होती. निघायच्या दिवशी तिच्या एका कानातली कुडी सापडेना. घर पालथं घातलं. मुलगी कॉलेजला निघाली होती, उंबऱ्यात उभी होती. बाईंनी तिला थांबवलं, हात आडवे करायला लावले आणि आत्याच्या देखत तिची झडती घेतली. मान, खांदे, काखा, कंबर, घोटे. सापडलं काहीच नाही. बाई सवयीने म्हणाल्या, "चल, पुढे."

मुलगी पुढे गेली ती आईपासून लांब गेलीच. संध्याकाळी आत्याचा फोन आला, कुडी तिच्याच शालीच्या दशांत अडकली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरच नव्हता. बाईंनी ठरवलं, उद्या सांगू. उद्याचा परवा झाला. आणि सांगायचं तरी काय? झडती घेणाऱ्यानेच चुकलं म्हटलं तर उद्या त्याच्या हाताखालून कोण जाईल? राहून गेलं ते राहून गेलं. मुलगी मात्र तेव्हापासून आईला चहाचा कप हात लांब करून द्यायची. आजारी पडली तर कपाळावर हात ठेवू द्यायची नाही, म्हणायची, "थर्मामीटर आहे ना." बाईंना ते डाचायचं. रात्रंदिवस परक्या अंगांवर फिरणाऱ्या त्यांच्या हातांना पोटच्या पोरीचं अंग परकं झालं होतं, आणि याचं त्यांना फार वाईट वाटायचं.

आता मुलगी सव्वीसची आहे, चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. गेल्या काही महिन्यांपासून ती दर रविवारी सकाळी कुठेतरी जाऊ लागली. "नाचाच्या वर्गाला," एवढंच म्हणाली. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. नाचाला जाणारी मुलगी घुंगरू नेईल, गाणी गुणगुणेल. ही जुनी विजार घालून जायची आणि परत यायची ती पाठीला धूळ, गुडघ्यावर काळानिळा डाग आणि कपड्यांना तीन-चार माणसांच्या घामाचा वास घेऊन. सदरा धुवायला टाकला की बाई आधी तो हुंगायच्या, मग खांद्यावरचे केस उजेडात धरून बघायच्या. एक पांढरा, एक कुरळा, एक लालसर रंगवलेला. एक माणूस असता तर निदान समजण्यासारखं होतं. पाणी नक्की कुठे मुरतंय, काही उलगडेना.

एका रविवारी त्या मुलीच्या मागोमाग निघाल्या. मुलगी एका छापखान्याच्या जिन्याने वर गेली. बाई पाच मिनिटं थांबून जिना चढल्या. वर लांबट हॉल, लाकडी जमीन, दाराबाहेर चपलांची रांग. दाराच्या काचेतून त्यांनी आत पाहिलं. गाणं नाही, ताल नाही. दहा-बारा माणसं, बाप्ये आणि बायका, एकमेकांवर रेलत होती, एकमेकांच्या पाठीवरून घरंगळत होती. आणि त्यांची मुलगी, जिला आईचा हात चालत नाही ती, एका ढेरपोट्या माणसाच्या पाठीवर डोळे मिटून आडवी पडली होती.

बाई दार ढकलून आत गेल्या. मुलीने डोळे उघडले, आईला पाहिलं आणि ती उठून हॉलच्या पार टोकाला जाऊन उभी राहिली. शिकवणाऱ्या बाई जवळ आल्या. साठीच्या, ठेंगण्या, दंडाने पहिलवान.

"मी नुसतं बघायला आलेय," एक्सरेबाई म्हणाल्या.

"बघत बसायचं नाही, एवढा एकच नियम कडक आहे. एक तर आत या, नाही तर बाहेर बाकडं आहे."

बाहेर बसून काय कळणार? बाईंनी पर्स खुंटीला लावली, आधी तिची चेन दोनदा तपासली, आणि त्या आत शिरल्या.

शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना थोडक्यात समजावलं. याला कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन म्हणतात. ठरलेल्या स्टेप्स नाहीत. दोघांनी एकमेकांना टेकायचं, वजन द्यायचं, वजन घ्यायचं, त्यातून जी हालचाल होईल तोच नाच. आत्ता या क्षणी जिथे स्पर्श होतोय तिथेच लक्ष ठेवायचं, कालचं आणि उद्याचं बाजूला. नको वाटलं तर सरळ बाजूला व्हायचं. कारण सांगायचं नाही, दुसऱ्याने विचारायचं नाही.

स्पर्शावर लक्ष? एक्सरेबाईंना मनातल्या मनात हसू आलं. त्या तर हे आठ तास पगारावर करत होत्या. पण कारण विचारायचं नाही, ही काय भानगड? जिथे कारण विचारत नाहीत तिथे काहीतरी काळंबेरं असतंच.

त्यांच्या वाट्याला तोच ढेरपोट्या आला. पोस्टमन होता बिचारा. तो टेकायच्या आत बाईंचे हात त्याच्या मानेवरून निघून कमरेशी पोचले.

"उजव्या खिशात काय आहे?"

पोस्टमन गडबडला. "ॲसिडिटीच्या गोळ्या."

"दाखवा."

त्याने खरंच काढून दाखवल्या. बाजूची दोघं-तिघं तोंड दाबून हसली. शिकवणाऱ्या बाई आल्या, एक्सरेबाईंच्या मनगटाला हलकेच बोट लावून म्हणाल्या, "तुमचे हात शोधतायत. इथे काही सापडायचं नाहीये. नुसते ठेवा."

नुसते ठेवा म्हणे. बावीस वर्षांत हे हात कशावर नुसते ठेवले गेले होते? बाईंनी प्रयत्न केला. पुढच्या बाईच्या अंगावर ते ठेवले, तर चौथ्या श्वासाला त्यांना कळलं की हिच्या कमरेला पाठदुखीचा पट्टा आहे. त्यानंतरच्या मुलाचं डावं मनगट कधीतरी मोडलेलं होतं. संशय घेण्यासारखं मात्र काही हाती लागेना, आणि त्यानेच त्यांचा संशय वाढत गेला.

"जोडी बदला," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "आता एकाने पुढे बसायचं, दुसऱ्याने मागून पाठीवर तळवे ठेवायचे. समोरच्याचा श्वास ऐकायचा, बाकी काही नाही."

बाई वळल्या तर समोर मुलगी. ती बाजूला होऊ शकत होती, नियमच तसा होता, आणि आता ती होणार याची बाईंना खात्री होती. मुलगी क्षणभर उभी राहिली. मग आईकडे पाठ करून खाली बसली.

एक्सरेबाईंनी तळवे तिच्या मानेखाली ठेवले. मुलीचा श्वास थांबला.

त्यांनी हात खांद्यांवर नेले. तिथेही तो थांबला. कमरेशी नेले, तिथेही तेच. त्यांनी हात उचलून घेतले, तसा श्वास सुरू झाला. पुन्हा टेकवले, बंद. चारशे बायका रोज हाताखालून जात होत्या, पण मानेपासून कमरेपर्यंत जागोजागी माल दडवलेलं अंग बाईंनी कधी पाहिलं नव्हतं. आणि तो माल कोणी ठेवला होता, हे कळायला त्यांना दहा सेकंदही लागले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना स्वतःच्या हातांची लाज वाटली, इतकी की ते कुठे ठेवावेत हे कळेना.

"आता पाठीला पाठ लावा," सूचना आली.

दोघींनी पाठीला पाठ लावली. मुलीची पाठ ताठ होती, नुसती लागली होती, टेकली नव्हती. बाईंना समोर फक्त भिंत दिसत होती, आणि कदाचित म्हणूनच त्यांना बोलता आलं.

"आत्याची कुडी सापडली होती," त्या हळूच म्हणाल्या. "तिच्याच शालीत. त्याच संध्याकाळी फोन आला होता. मी तुला सांगितलं नाही."

पलीकडे पोस्टमन कुणाच्या तरी पाठीवरून घरंगळला आणि धप्पकन आवाज झाला.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. हे शब्द त्यांच्या तोंडून इतके जड निघाले की त्यांनाच ते अनोळखी वाटले.

"मला माहितीये," मुलगी म्हणाली. "आत्याने दुसऱ्या दिवशी मलाही फोन केला होता."

बाईंना पाठीतून कळ गेल्यासारखं झालं. "मग सात वर्षं बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते."

दर संध्याकाळी चहाचा कप लांब हाताने पुढे करणारी ती पोर संशय घेतला म्हणून रुसलेली नव्हती. ती वाट बघत होती, आणि रोज बाई तो कप घेऊन चूपचाप आत जात होत्या. एवढ्या जवळचा श्वास त्यांना सात वर्षं कळला नव्हता.

थोड्या वेळाने पाठीवर काहीतरी भार आल्यासारखं वाटलं. फार नाही. बाईंना आधी शंका आली की मुलगी दमून वाकली असेल. मग वाटलं, उठायला जोर घेत असेल. त्या हलल्या नाहीत. भार तसाच राहिला. शिकवणाऱ्या बाईंनी जोडी बदलायला सांगितली तेव्हा मुलगी उठली आणि मागे न बघता दुसऱ्या टोकाला निघून गेली.

वर्ग सुटल्यावर दोघी दाराबाहेर चपला शोधत होत्या. मुलगी वाकून पट्टा लावता लावता म्हणाली, "पुढच्या रविवारी येताना अंबाड्याचे आकडे काढून ये. मानेला टोचत होते मला."

हे बोलावणं आहे की तक्रार, हे एक्सरेबाईंना ठरवता येईना. पण टोचत असतानाही ती टेकून राहिली होती. बाईंनी तिथेच जिन्यात उभं राहून एकेक आकडा काढला आणि पर्समध्ये टाकला.