आधी वाजवून दाखव

मला पुष्कळ जण विचारतात, तुझ्याकडे एवढे किस्से येतात कुठून? अरे, येत नाहीत कुठून. चार माणसं दर रविवारी एकाच जागी बसून एकाच गोष्टीवरून भांडली आणि चौघांपैकी एकही हार मानायला तयार नसला, की किस्से आपोआप होतात. माझं काम फक्त लक्षात ठेवायचं.

जागा म्हणजे माझं दुकान. मिरकरवाडा बंदरावर. ट्रॉलरवरचे वायरलेस सेट, जीपीएस, मासे दाखवणारी मशिनं, जोडीला भजनी मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर, असं सगळं दुरुस्त करतो. आणि भांडणाचा विषय एकच. रॉक, पंक, मेटल, तिन्ही धरून जगातला सगळ्यात भारी गिटारवाला कोण? नऊ वर्षं झाली, निकाल नाही. लागूही नये. लागला तर रविवारी करायचं काय?

मंडळी सांगतो. सावंत सर लांज्याच्या शाळेत विज्ञान शिकवतात. हे रॉकवाले. तार ओढून सूर लांबवला आणि वाजवणाऱ्याने डोळे मिटले, की सरांचं समाधान होतं. रिझवान बर्फाच्या कारखान्यात मशीन ऑपरेटर, हा मेटलवाला. त्याला वेग पाहिजे. सुदेश ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तानच म्हणा, हा पंकवाला. कॉर्ड म्हणजे चार तारा एकदम दाबून काढलेला सूर; तीन कॉर्डच्या वर चौथी वाजवणारा माणूस त्याच्या मते शिष्ट. आणि मी. मी सोयीप्रमाणे बाजू बदलतो, त्यामुळे तिघंही मला शिव्या घालतात.

*

पहिल्या वर्षी आम्ही नावं घेऊन भांडायचो. एकाने एक नाव टाकलं की दुसरा त्याच्यावर दुसरं टाकायचा. एका रविवारी आवाज इतका चढला की समोर कोळंबीची टोपली घेऊन बसलेली पारूमावशी उठून दुकानात आली. लिलावात मावशीने बोली लावली की पार बर्फाच्या कारखान्यापर्यंत ऐकू जातं. ती बाई आम्हाला गप्प करायला आली म्हणजे विचार करा! तिला वाटलं, आमच्यात जमिनीची वाटणी चाललीय.

सरांनी तिला समजावलं. वाटणी नाही मावशी, परदेशात काही गिटार वाजवणारे आहेत, त्यांच्यात थोर कोण यावर चर्चा चालू आहे. 'चर्चा' हा शब्द सरांचा.

"ते तुमचे कोन लागतात?" मावशीने विचारलं.

"कोणी नाही."

"मग त्यांच्या नावानं कशाला बोंबलताव? मासा कधी सांगून इकतात? समोर टाकून दाखवायचा. ती भिंतीला टांगलीय ना, ती वाजवून दाखवा."

एवढं बोलून ती आपल्या कोळंबीकडे गेली. भिंतीला खरंच गिटार होती. कुठल्यातरी ऑर्केस्ट्रावाल्याने दुरुस्तीला टाकलेली आणि कायमची विसरलेली. त्या दिवशी आमचा नियम ठरला. दुकानात कोणाही गिटारवाल्याचं नाव घ्यायचं नाही. आपला माणूस भारी म्हणायचं असेल तर त्याचं वाजवून दाखवायचं. वाजवता आलं नाही तर त्या रविवारी तोंड उघडायचं नाही.

अडचण एवढीच की चौघांपैकी एकालाही धड वाजवता येत नव्हतं! पुढचे तीन महिने आम्ही फक्त चहा प्यायलो.

*

सगळ्यात आधी जिद्दीला पेटला रिझवान. कारखान्यात कॉम्प्रेसर दिवसभर धडधडत असतो, त्या आवाजात गिटार कोणाला ऐकू जाणार? हा कुठूनशी एक जुनी गिटार आणून तिथेच बसून सराव करायचा. सहा महिन्यांत पठ्ठ्याने मेटलचा एक असा तुकडा बसवला की सरांनीसुद्धा चष्मा काढून पुसला. वेग काय, ठोका काय, एक सूर इकडचा तिकडे नाही.

मग कारखान्यात नवीन कॉम्प्रेसर बसला. त्या रविवारी रिझवानने गिटार घेतली, सुरू केलं आणि दुसऱ्याच ओळीला कोसळला. परत सुरू केलं, परत कोसळला. तेव्हा उलगडा झाला. हा सगळा मेटल जुन्या कॉम्प्रेसरच्या ठोक्यावर शिकला होता. नवीन कॉम्प्रेसर निघाला मुका. आवाजच नाही त्याला.

तो मालकाकडे जाऊन म्हणाला, जुनं मशीन चांगलं होतं, परत बसवा. मालकाने कारण विचारलं. रिझवानने खरं कारण सांगितलं. मालकाने त्याला दोन दिवस सुट्टी घेऊन आराम करायला सांगितलं.

*

सर दुकानातली गिटार घरी न्यायचे आणि रविवारी परत आणायचे. लांज्याची एसटी. एकदा कंडक्टर अडून बसला, म्हणाला, एवढ्या मोठ्या पेटीला लगेजचं तिकीट लागेल. सर म्हणाले, हे वाद्य आहे, लगेज नाही. झालं! गाडीत दोन पार्ट्या पडल्या. अर्धी गाडी सरांकडून, अर्धी कंडक्टरकडून. शेवटी कंडक्टरच म्हणाला, गुरुजी, वाद्य असेल तर वाजवून दाखवा, मग बघू.

सरांना तेवढंच हवं होतं. त्यांनी हातखंब्याला सुरू केलं. आवडता रॉकचा सोलो, सावकाश, एकेक सूर ओढत. पाली आली तरी सर चालूच. पाली गेली. सर डोळे मिटून चालूच. पुढच्या बाकावर एक म्हातारी काजूच्या बियांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. ती मागे वळून कंडक्टरला म्हणाली, "बाबा, मास्तरांचं तिकीट फाड, पन त्यांना थांबव."

सर हा किस्सा स्वतः कधीच सांगत नाहीत. तो कंडक्टर माझ्या आतेभावाचा मेहुणा, म्हणून आम्हाला कळला.

*

भजनी मंडळाचे बुवा एकदा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आले. आवाज फाटतोय म्हणाले. मी लावून बघतोय, तेवढ्यात रिझवान दुकानात शिरला आणि जागच्या जागी उभा राहिला. असा फाटका आवाज म्हणे त्याने आयुष्यभर शोधला होता. मला म्हणाला, खबरदार हात लावलास तर. बुवांना हात जोडून सांगायला लागला की बुवा, परदेशात लोक हा आवाज मुद्दाम फाडून घेतात, त्याच्यावर मैदानंच्या मैदानं भरतात.

बुवांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भरत असतील. त्यांना काकडआरती नसेल."

*

सुदेश समुद्रावर असला की रविवारी दुकानात वायरलेसवरून हजर व्हायचा. तसं करू नये, मला माहीत आहे. पण सेटची टेस्टिंग तर करावीच लागते ना! तो बोटीवरच्या जुन्या गिटारवर त्याच्या तीन कॉर्ड बडवायचा, मग इकडून रिझवान मेटल वाजवायचा. एका रविवारी मध्येच तिसराच आवाज आला. कोणी बुरोंडीचा तांडेल होता, त्याच पाण्यात मासेमारीला आलेला.

"ओ गिटारवाले, जरा जागा सोडा. मला वारा विचारायचाय."

त्याने दुसऱ्या बोटीला वारा विचारला, बोलणं आटपलं आणि जाता जाता म्हणाला, "तो आडदांड वाजवतो ना, तो बरा हाय."

नऊ वर्षांत बाहेरून आलेलं हे एकमेव मत. ते आपल्याला पडलं असं सुदेश आणि रिझवान दोघंही आजपर्यंत छातीठोकपणे सांगतात.

*

आता सुदेशचं सांगतो. गेल्या दिवाळीच्या आधी जाळं ओढताना विंचची, म्हणजे जाळं खेचायच्या यंत्राची, वायर उसळली आणि त्याच्या डाव्या मनगटावर बसली. हाड दोन जागी मोडलं. ऑपरेशन झालं, आत स्टीलची पट्टी घातली. डॉक्टर म्हणाले हात येईल, पण बोटं चालवली पाहिजेत, ठेवून दिली तर आखडतील.

सुदेशने ठेवून दिली. हात खिशात घालून फिरायला लागला. ट्रॉलर धाकट्या भावाकडे दिला, आणि घरी सांगून टाकलं की मी परत तांडेल म्हणून जाणार नाही, एका हाताचा तांडेल कोणाला पाहिजे? त्याची बायको एकदा दुकानात येऊन रडली. म्हणाली, भावजी, तुमचं तरी ऐकतात का बघा.

रविवारी मात्र तो यायचा. यायचा, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचा आणि बोलायचा नाही. पहिल्याच रविवारी मी पंकचा विषय काढला, तर म्हणाला, "मला वाजवता येत नाही. नियमाप्रमाणे मला बोलता येत नाही."

सर म्हणाले, नियम मोडू या. तो म्हणाला, नाही. सर म्हणाले, अपवाद करू. तो म्हणाला, अपवाद भिकाऱ्याला करतात. ज्या माणसाला गप्प करायला आम्ही आठ वर्षं देव पाण्यात घातले, तो गप्प झाला आणि आम्हाला दुकानात बसवेना. सर आणि रिझवान उगाच एकमेकांचं कौतुक करायला लागले. इतकं वाईट चाललं होतं.

*

एप्रिलमधल्या एका रविवारी रिझवान आला आणि आल्या आल्या त्याने भिंतीवरची गिटार काढली. म्हणाला, आज पंकच्या बाजूने मी बोलणार. त्यांचं म्हणणं मांडायला कोणी नाही, हे बरोबर नाही.

आणि त्याने पंक वाजवलं. महिनाभर कारखान्यात बसून बसवलं होतं म्हणे. कसं सांगू तुम्हाला! प्रत्येक सूर मोजून मापून, स्वच्छ, घासूनपुसून ठेवलेल्या भांड्यासारखा. कुठे खरखर नाही, कुठे धडपड नाही. सर मान डोलवायला लागले. माझं लक्ष सुदेशकडे. त्याचा चेहरा असा झाला होता, की जणू कोणी त्याच्या देखत ताज्या बांगड्याला साखर लावतंय.

रिझवानने संपवलं आणि दुसऱ्यांदा सुरू केलं. आणखी स्वच्छ.

"बंद कर," सुदेश म्हणाला.

"का? चुकलं कुठे?"

"कुठेच चुकलं नाही, तेच म्हणतोय! लाज वाटते का रे तुला?"

रिझवानने तिसऱ्यांदा सुरू केलं. सुदेश स्टुलावरून उठला आणि त्याने रिझवानच्या हातातून गिटार ओढून घेतली. डावा हात खिशातून बाहेर आला होता. मला वाटतं त्याच्या स्वतःच्याही ते लक्षात आलं नव्हतं. मनगट वाकडं दिसत होतं, बोटं वाळकी. त्याने दोन बोटं तारांवर दाबली. दोनच. पंकला दोन पुरतात, मेटललाही पुरतात, त्यावरूनसुद्धा आम्ही एक अख्खा पावसाळा भांडलोय. उजव्या हाताने त्याने जोरात झटका मारला.

आवाज आला तो पत्र्यावर खिळे सांडल्यासारखा. एक तार दबलीच नव्हती.

सरांचे डोळे भरले. ते "वा!" म्हणणार, तेवढ्यात रिझवानने हात वर करून त्यांना थांबवलं. सुदेशच्या बोटांकडे बघत तो म्हणाला,

"भिकार. परत वाजव."

सुदेशने परत वाजवलं. परत तसंच. पाचव्या की सहाव्या वेळेला दोन्ही तारा एकदम बोलल्या. कपाळावर घाम आला होता त्याच्या.

गिटार मांडीवर तशीच ठेवून त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, आणि म्हणाला, "आता ऐका."

मग जो बोलायला लागला तो लागलाच. सहा महिन्यांचं साठलेलं होतं. रॉकवाले कसे झोपाळू, मेटलवाले कसे शिवणयंत्र, खरी गिटार फक्त पंकवाल्यांनाच कशी कळली. सरांच्या लांज्याच्या दोन गाड्या गेल्या, ते उठले नाहीत. मी तिसऱ्यांदा चहा सांगितला.

त्याचा एकही मुद्दा मला अजून पटलेला नाही.